अकरा मिनिटांचा रीलोड

"कोणी हात लावला त्याला? मला नाव पाहिजे. कोणी लावला हात?"

आमचे प्रॉडक्शन मॅनेजर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. त्यांचा आवाज असा की ते तारापूरच्या वसाहतीत बोलले की डहाणूच्या वाड्यांतले चिकू पिकायच्या आधीच गळतात. खाली हॉलमध्ये सत्तर कॉम्प्युटर आणि त्यांच्यापुढची सत्तर माणसं एकदम गोठली होती. कोणाचं बोट हवेत, कोणाचा कप ओठाशी. मग एकेक मान वळायला लागली, सर्व्हर रूमच्या काचेकडे. त्या काचेमागे मी उभी होते. पंगतीत ऐनवेळी भात संपला की लोक आचाऱ्याकडे बघतात ना, अगदी तसे सगळे बघत होते.

हात मी लावला होता. लॅबमध्ये एक नवीन मशीन आलं होतं, त्याला त्याचं फोल्डर दिसावं म्हणून मी यादीत एक ओळ वाढवली होती. फक्त एक ओळ.

आमच्या औषधांच्या कारखान्यातला एकूण एक कागद एका सर्व्हरवर राहतो. कुठल्या मशीनने कुठलं फोल्डर उघडायचं त्याची एक यादी त्या सर्व्हरच्या पोटात असते. यादीत काना-मात्रा जरी बदलला तरी सर्व्हरला ती पहिल्यापासून वाचायला लावावी लागते. ह्याला आम्ही म्हणतो रीलोड मारणं. जगात इतरत्र ही गोष्ट डोळ्याची पापणी लवेपर्यंत होते. आमच्याकडे तिला अकरा मिनिटं लागायची, आणि त्या अकरा मिनिटांत कोणाचीही फाइल हलायची नाही, कारखान्यातली माशीसुद्धा माझ्या परवानगीशिवाय उडायची नाही.

"मॅडम," मॅनेजर जिना उतरून काचेपाशी आले. "वर रिअ‍ॅक्टरमध्ये माल तापलाय. पुढे काय टाकायचं ते ज्या कागदावर लिहिलंय तो कागद तुमच्या पेटीत. आणि पेटी तुमची समाधीत."

"सात मिनिटं झाली सर. चार राहिली."

"मालाला सांगा तसं."

ते गेले नाहीत. उरलेली चार मिनिटं माझ्या शेजारी उभे राहिले, आणि आवाज खाली आणून बोलले. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाने आवाज खाली आणला की समजावं, आता खरं सांगतोय.

"शुक्रवारी ऑडिटवाले येतायत. त्यांच्या लॅपटॉपला फोल्डर त्यांच्यासमोरच उघडून द्यायचं असतं, आधी चालत नाही. म्हणजे तुमचा हा रीलोड त्यांच्या डोळ्यांदेखत होणार. त्यांच्यासमोर अकरा मिनिटं कारखाना मेला, तर सोमवारी तुमच्या खुर्चीत पुण्याच्या कंपनीचा माणूस बसलेला असेल. बोलून ठेवलंय मी."

त्या दिवशी मंगळवार होता.

घरी सांगावं तर घरी नवरा. चार महिन्यांपूर्वी त्याचा कारखाना बंद पडला, ह्याच वसाहतीत, आमच्या गेटपासून तीन गल्ल्या सोडून. तेव्हापासून तो सरावलीच्या आमच्या खोलीत बसून स्वयंपाकघरातले डबे लावायचा. एकदा उंचीप्रमाणे, एकदा झाकणाच्या रंगाप्रमाणे. हळद कुठे आहे हे मला माझ्याच घरात विचारावं लागायचं. घरातून डबा घेऊन बाहेर पडणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला सोमवारपर्यंतची मुदत मिळाली होती. मी त्याला काही बोलले नाही. त्याने विचारलं, "काय गं, गप्प का?" मी म्हटलं, "हळद शोधतेय."

बुधवारी सकाळी मी आधी तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो. सामान बदललं. अकाउंट्सवाल्यांच्या बंद मशीनमधली मेमरी उपसून सर्व्हरमध्ये घातली. वेगवान डिस्क हवी म्हणून स्टोअरच्या माणसापुढे जवळजवळ साष्टांग घातला, ती बसवली. पंखे पुसले, तारा बदलल्या, दसऱ्याला घातलेला वाळका हार काढला. तो हार वारा अडवत असेल असं मला खरोखर वाटलं होतं, इतकी मी खचले होते. मग चहाच्या सुट्टीत रीलोड मारला.

अकरा मिनिटं. दोन सेकंद कमी.

चहाच्या सुट्टीनंतर लोक जागेवर आले तर सगळं थिजलेलं. लॅबमधली एक बाई काचेवर टकटक करून म्हणाली, "काय गं, आज कोणाचं तेरावं?" पॅकिंगचा एक कामगार, उत्तरेकडचा, रोज मला अदबीने नमस्कार करणारा, त्यानेही दारात येऊन विचारलं, "मॅडम, अगला कितने बजे मारोगी? बीड़ी का टाइम उसी हिसाब से रखते हैं." मी हसले. हसताना रडू येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

त्याच रीलोडमध्ये मात्र मला एक गोष्ट दिसली. सर्व्हर किती मेहनत करतोय ते दाखवणारा एक काटा पडद्यावर असतो. मला वाटत होतं तो काटा धापा टाकत असेल. तो शून्यावर झोपला होता. अकरा मिनिटं आमचा सर्व्हर काहीही करत नव्हता. तो नुसता बसला होता, गाडी चुकलेला माणूस बाकावर बसतो तसा.

आता मला कबूल करायला हवं. रीलोडचं काम करणारा एक छोटा प्रोग्राम होता, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेला. तो सातपाटीचा कोळी, आम्ही सगळे त्याला काका म्हणायचो. निवृत्त होताना मला एवढंच म्हणाला होता, "चालतंय तवर हात लावू नको." मी तीन वर्षं तो प्रोग्राम उघडलासुद्धा नव्हता. नवसाचा नारळ असावा तसा तो सर्व्हरवर ठेवला होता. लोकांना सांगायचे, त्यातली ओळ न् ओळ पाठ आहे.

बुधवारी दुपारी तो उघडला. जेमतेम चाळीस ओळी. रीलोडच्या आधी तो प्रोग्राम सगळ्यांच्या फाइली थांबवायचा, आणि मग यादीतल्या एकेका मशीनला नावाने हाक मारायचा. आहेस का? मशीनने जबाब दिला की पुढचं नाव. जबाब नाही आला तर पाच सेकंद थांबायचं, आणि मगच पुढे जायचं. यादीत दोनशे बारा नावं. आता कारखान्यात मशीनं ऐंशी. बाकीची एकशे बत्तीस भंगारात गेलेली, जळालेली, कुठल्यातरी पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं तेव्हा बुडालेली. एकशे बत्तीस गुणिले पाच मी नखाने टेबलावर लिहून काढलं. सहाशे साठ सेकंद. अकरा मिनिटं. आमचा सर्व्हर रोज मेलेल्यांना हाका मारत होता आणि उत्तराची वाट बघत होता.

हाकांच्या त्या ओळी खोडायला मला दोन मिनिटं लागली असती. पण बोट पुढे जाईना. काका काही वेडा नव्हता. त्याने हे कशासाठी केलं असेल, हे कळल्याशिवाय खोडलं, आणि शुक्रवारी तिसरंच काही फुटलं, तर? काकाचा फोन लागत नव्हता. मी अर्धी रजा टाकली, पालघर गाठलं, आणि तिथून सातपाटीची एसटी धरली.

काकाचं घर शोधायला लागलं नाही. दारातल्या बांबूंच्या वळंडीवर बोंबील सुकत टांगलेले होते, माझ्या कातावलेल्या डोळ्यांना एकशे बत्तीस वाटले, आणि त्यांच्याखाली काकाची बायको उभी. माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून तिने आत हाक दिली, "येवा बाहेर. कंपनीवाली आलीय. तिला मासली नको, म्हातारा पायजे."

काका जाळ्याची सुई हातात घेऊन बाहेर आला. मी उभ्या उभ्या सगळं ओतलं. अकरा मिनिटं, शुक्रवार, पुण्याचा माणूस. तो जाळ्यातला एक फाटका डोळा शिवत राहिला.

"मी कंपनीत लागायच्या आदी इतं मच्छीमारांच्या सोसायटीत वायरलेसवर होतो," तो म्हणाला. "तुफानाचा सांगावा आला की दर्यावरच्या होड्यांना हाक मारायची. एकेकीला, नावानं. जबाब आला की पुडची. नाय आला तर थांबायचं. जबाब नाय म्हनून तिला सोडून पुडं जायचं, असं नाय करायचं."

"काका, पण ह्या होड्या नाहीत. मशीनं आहेत."

"एकदा असाच न विचारता रीलोड मारला होता मी. लॅबची पोरगी फाइल लिवत होती. अर्दी फाइल राहिली, अर्दी गेली. तिची रात्रपाळीची सगळी मेहनत. रडत बसली होती जिन्यात. त्या दिवसापासून विचारल्याबिगर मारला नाय."

"ते बरोबर. पण मेलेल्यांची नावं तरी काढायचीत."

सुई थांबली. "बाय, नाव काडनं म्हंजे ती बुडाली असं लिवून देनं. त्ये मी सोसायटीत दोनदा लिवलंय. कंपनीत कशाला लिवू?"

मी तीन वर्षं ह्या माणसाच्या चाळीस ओळींना शिव्या घालत होते. न वाचता. आता तिथे वळंडीच्या सावलीत बसले. काकाच्या बायकोने पाण्याचा तांब्या दिला, आणि कोणाकडेही न बघता बोंबील उलटे करत म्हणाली, "ह्याला काय विचारतेस. ह्याचा जमाना गेला. आता कोन एकेकाला हाका मारत बसतंय? पोरं मोबाइलच्या ग्रुपवर टाकतात. सगळ्यांना एकदाच. ज्याला लिवता येतं तो लिवतो, नाय तर आंगठा दावतो. पानी पिऊन होयस्तोवर कळतं, कोन हाय नि कोन नाय."

मी तांब्या खाली ठेवला. खोटं सांगत नाही, त्या क्षणी सातपाटीच्या बंदरातल्या सगळ्या होड्यांचे भोंगे एकदम वाजले. बरं, एका होडीचा वाजला.

सगळ्यांना एकदम हाक. पाच सेकंद थांबायचं, पण एकदाच, सगळ्यांसाठी मिळून. काकाचा नियमही मोडत नव्हता.

"काका, चालेल का असं?"

"चालंल," काका म्हणाला. "पन राहिला कोन त्ये बग."

मी ऐकलं. म्हणजे कानांनी ऐकलं.

गुरुवारी मी त्या चाळीस ओळींच्या वीस केल्या. सगळ्यांना एकाच वेळी हाक मारायची, जबाब देणारे मुख्य यादीत ठेवायचे. मुके निघाले त्यांची वेगळी यादी करायची, म्हणजे नाव काढल्यासारखंही नाही आणि वाट बघायलाही नको. लोकांना त्रास नको म्हणून बरोबर एक वाजता, सगळे जेवायला गेलेले असताना, रीलोड मारला. डोळे मिटून आकडे मोजले. सहाला उघडले तर झालेलं होतं. परत मारला. सहा सेकंद. मी असा सात वेळा मारला. आठव्यांदा मारणार तर पॅकिंगचा तो कामगार दारात. "मॅडम, आज हुआ ही नहीं?" म्हटलं, झालं. तो घड्याळ बघत, बीडी कानामागे तशीच ठेवून परत गेला. बिचाऱ्याची सुट्टी मी खाल्ली.

शुक्रवारी ऑडिटवाले तिघे आले. दोन पुरुष, आणि एक परदेशी बाई, जिचा चेहरा इतका कोरडा की तिला आमच्या समुद्रावर उभं केलं असतं तर ओहोटी लागली असती. तिने लॅपटॉप उघडला. मॅनेजर माझ्या मागे. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता आणि त्याला सकाळच्या पोह्यांचा वास होता. मी ओळ घातली, बटण दाबलं. बाईने चष्मा काढला, पुसला, घातला. फोल्डर तिच्यासमोर. "थँक यू," म्हणाली, जणू दार उघडून दिलं. मॅनेजरांनी माझ्या मानेवरचा श्वास काढून घेतला.

मला वाटलं, संपलं. साडेतीन वाजता कळलं की संपलेलं नाही.

आमच्याकडे प्रत्येक बॅचचा थोडा माल एका खोलीत सांभाळून ठेवतात, सॅम्पल रूममध्ये. ती खोली एका बाईंच्या ताब्यात. वीस वर्षं तिथे. त्यांची एक सवय सगळ्या कारखान्याला माहीत होती. एकला पाच कमी असताना त्या उठतात, मशीन बंद करतात, त्यावर हाताने विणलेला रुमाल टाकतात आणि मग डबा उघडतात. चालू मशीनसमोर जेवायला बसणं त्यांना अपमान वाटायचं, मशीनचा की अन्नाचा ते कोणी विचारलं नाही. आणि मी गुरुवारी सगळ्या मशीनांना हाक मारली ती बरोबर एक वाजता.

त्या कोरड्या बाईने सॅम्पल रूमची नोंद मागितली, जी गुरुवारच्या जेवणानंतर कोणी उघडलीच नव्हती. रूमवाल्या बाई फोल्डर उघडायला गेल्या तर पडद्यावर आलं, परवानगी नाही. त्यांनी परत दाबलं. परवानगी नाही. मला निरोप आला तेव्हा मी पळत गेले, आणि दारातूनच कळलं. मॅनेजर पांढरे पडले होते. ओरडत नव्हते. ऑडिटवाल्या बाईने पेनाचं टोपण काढलं होतं आणि वहीच्या वर कोपऱ्यात वेळ लिहिली होती.

"मशीन जुनं आहे," रूमवाल्या बाई तिला मराठीत समजावत होत्या, "पण कधी नाही म्हणत नाही हो."

मी उलटी पळाले. जिना, हॉल, काच. घाईत नाव दोनदा चुकीचं टाइप झालं. मुक्यांच्या यादीतून ते नाव काढलं, मुख्य यादीत घातलं. आता बटण. आणि बटणावर बोट ठेवून मी थांबले. कारण ह्या वेळी वर बाई पेन उघडून बसली होती, लॅबमध्ये तिचे दोघे दुसऱ्या मशीनवर कागद बघत होते, आणि रिअ‍ॅक्टरवर बॅच चालू होती. परत अकरा मिनिटं झाली तर सगळ्यांचं एकदम जाणार होतं. आणि नाही दाबलं तर फक्त माझं जाणार होतं.

दाबलं.

एक. हॉलमध्ये सत्तर माणसं गोठली. दोन. कोणीतरी मान वळवली. तीन, चार. त्या पाच सेकंदांत, नोकरी गेली हे माझं नवऱ्याला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगून झालं, आणि तिन्ही वेळा तो डबे पुसतच होता. पाच. सहा. हॉलमध्ये कीबोर्डांचा आवाज सुरू झाला, पत्र्यावर जोंधळे सांडावेत तसा.

मी सॅम्पल रूममध्ये पोचले तेव्हा नोंद उघडलेली होती. ऑडिटवाल्या बाईने वहीत लिहिलेल्या वेळेपुढे काही लिहिलं, ते मला वाचता आलं नाही. तिने विचारलं, काय झालं होतं. मी मोडक्या इंग्रजीत खरं ते सांगितलं. काल यादी नीट करताना हे मशीन बंद होतं, माझ्याकडून सुटलं, आत्ता घातलं. इतक्या लवकर? तिने विचारलं. मी मान हलवली. ती पुढच्या कपाटाकडे वळली.

संध्याकाळी पाचला त्यांची गाडी गेटबाहेर गेली. मी सर्व्हर रूममध्ये बसून होते. कोणी बोलवेना, कोणी काही सांगेना. साडेपाचला मीच उठले आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. ते ऑडिटचे कागद फायलीत लावत होते. मी उभी राहिले. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

"सर, ते सॅम्पल रूमचं मशीन माझ्याच हातून सुटलं होतं. काल एक वाजता मी चाचणी घेतली, तेव्हा बाईंनी बंद केलेलं होतं. मी बघायला हवं होतं."

त्यांनी एक कागद भोकात घातला.

"अकरा मिनिटांचे सहा सेकंद झालेत सर. आता दिवसातून दहा वेळा मारला तरी कोणाला कळणार नाही."

दुसरा कागद घातला.

"मग सोमवारी, सर... तो पुण्याचा माणूस?"

त्यांनी फाइल मिटली, दोरी बांधली.

"सोमवारी चार नवीन मशीनं येतायत," ते म्हणाले. "यादीत घाला."